‘रा.वन’च्या गेमवर हसण्याआधी

भारतात बनलेल्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला, की हसण्याची एक ठरलेली पद्धत आहे. कुणीतरी ‘सर्वात टुकार भारतीय गेम’ अशी यादी काढतो. त्यात ‘गजनी’ असतो, ‘डॉन २’ असतो आणि ‘रा.वन : द गेम’ तर हमखास असतो. मग खाली हसणाऱ्यांची रांग लागते. मी या रांगेतल्या बऱ्याच जणांशी वाद घातला आहे. पहिला प्रश्न मी एकच विचारतो, ‘तू तो खेळलास का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘नाही, पण क्लिप पाहिली’ असं येतं. न वाचता पुस्तकावर बोलणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. न खेळता गेमवर बोलणाऱ्याला मात्र जाणकार समजलं जातं.

मी तो तेव्हाही खेळलो आणि गेल्या महिन्यात पुन्हा खेळलो, त्याच जुन्या प्लेस्टेशन २ वर. हा गेम महान आहे, असा माझा दावा नाही. माझा दावा इतकाच आहे, की या गेमला चुकीच्या मापाने मोजलं गेलं, आणि त्या हसण्याच्या नादात आपण आपल्याच शहरात झालेलं एक काम हरवून बसायच्या बेतात आहोत.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. अनुभव सिन्हा दिग्दर्शित आणि शाहरुख खान अभिनित ‘रा.वन’ हा चित्रपट २६ ऑक्टोबर २०११ रोजी, ऐन दिवाळीत प्रदर्शित झाला. त्याच सुमारास त्यावर आधारित गेम प्लेस्टेशन २ आणि प्लेस्टेशन ३ साठी बाजारात आला. तो बनवला मुंबईच्या ‘ट्राइन’ या स्टुडिओने आणि बाजारात आणला सोनीने. याच स्टुडिओने त्याआधी ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ केला होता. म्हणजे भारतीय चित्रपटातल्या सुपरहिरोचा, जगातल्या नावाजलेल्या कन्सोलवर चालणारा गेम महाराष्ट्रात तयार झाला. यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

हसणाऱ्यांचं पहिलं माप असतं त्याच महिन्यात आलेल्या ‘बॅटमॅन : आर्कम सिटी’चं. तो लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओने बनवला होता. तो उत्तम गेम आहे, मलाही फार आवडतो. पण ती तुलना कशी होते ते पाहा. रॉकस्टेडीच्या मागे वॉर्नर ब्रदर्ससारखी बलाढ्य कंपनी होती. त्याच मालिकेतला एक गाजलेला गेम त्यांच्या खात्यावर होता, आणि बॅटमॅनवर गेम बनवण्याचा पाश्चात्त्य उद्योगाचा अनुभव तर पंचवीस वर्षांचा होता. मुख्य म्हणजे ‘आर्कम सिटी’ प्लेस्टेशन २ वर आलाच नाही. तो नव्या, महागड्या यंत्रांसाठी होता. आता सांगा, २०११ साली रत्नागिरीत राजिवड्यात, मिरकरवाड्यात, कोकणनगरात किती घरांत प्लेस्टेशन ३ होता? मी ज्या घरांत जात असे, त्यांतल्या एकाही घरात मी तो पाहिला नाही. प्लेस्टेशन २ मात्र होता.

तो कसा आला, हे कोकणातल्या मुसलमानाला सांगायला नको. कुवेत, दुबई, बहरीन, दोहा. कुणाचा मामू, कुणाचे अब्बा दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे. दोरीने करकचून बांधलेल्या खोक्यात टँगची पावडर, ब्लँकेट, अत्तराच्या बाटल्या आणि एखाद्या नशीबवान घरात काळा प्लेस्टेशन निघायचा. मग त्या घरी गल्लीतल्या पोरांची सकाळ-संध्याकाळ हजेरी. एक यंत्र, दोन रिमोट, आठ पोरं. हरला तो उठला. त्यावर चालणाऱ्या सीड्या बहुतेक नकली असायच्या, आणि यंत्राला चिप बसवून देणारा कारागीर शोधणं हा तेव्हाचा एक उद्योगच होता.

प्लेस्टेशन २ जगात २००० साली आला. श्रीमंत देशांत तो दहा वर्षांनी अडगळीत गेला होता. आपल्याकडे मात्र तो ऐन भरात होता, कारण आपल्या खिशाला तोच झेपत होता. सोनीला हे कळलं होतं. म्हणूनच २००९ मध्ये हैदराबादेत बनलेले ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ याच यंत्रासाठी आले, आणि ‘रा.वन’ही आला. हा गेम आपल्या घरातल्या यंत्रासाठी बनवला गेला होता, आणि टीका करणारे त्याची तुलना आपल्या घरात नसलेल्या यंत्रावरच्या गेमशी करत होते. एसटीने प्रवास करणाऱ्याला ‘तुझी गाडी विमानाएवढी वेगात का जात नाही’ असं विचारण्यातला हा प्रकार आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीतच बकरी ईद होती, ७ नोव्हेंबरला. ईदीच्या पैशांतून आम्ही मित्रांनी वर्गणी काढून ‘रा.वन’ची सीडी आणली. असली, छापील कव्हरची. आमच्यातल्या बहुतेकांनी हातात घेतलेली ती पहिली असली सीडी होती. नकली सीडीची सवय असलेल्या पोरांना स्वतःच्या देशात बनलेल्या गेमसाठी पैसे मोजावेसे वाटले, ही गोष्ट मला आजही छोटी वाटत नाही.

आता गेमविषयी. दोष आहेत, आणि ते मी लपवणार नाही. हा मारामारीचा गेम आहे आणि तेच ते ठोसे, त्याच त्या लाथा काही वेळाने कंटाळा आणतात. कॅमेरा नको तिथे अडतो. बटण दाबल्यावर जी झटकन प्रतिक्रिया हवी, ती प्रत्येक वेळी मिळत नाही. मोठ्या स्टुडिओंकडे अशा गोष्टी घासूनपुसून गुळगुळीत करायला वेळ असतो. चित्रपटावरच्या गेमकडे तो नसतो, कारण चित्रपटाची तारीख पक्की असते आणि गेमला त्याच मुहूर्तावर उभं राहावं लागतं. लग्नाच्या दिवशी बिर्याणी शिजली नाही म्हणून निकाह पुढे ढकलत नाहीत. जे शिजलं ते वाढतात. जगभरातले चित्रपटांवरचे बहुतेक गेम याच घाईत फसले आहेत. ही मुंबईची खास नालायकी नाही.

पण याच गेममध्ये दुसरीही एक बाजू आहे, आणि ती क्लिपमध्ये दिसत नाही. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ मेगाबाइट होती. आज तुमच्या मोबाइलमधले सात-आठ फोटो तेवढी जागा खातात. त्या ३२ मेगाबाइटमध्ये अख्खी मारामारी बसवायची असते. हिरो, शत्रू, भोवतालची जागा, आवाज, हालचाली, सगळं. ‘रा.वन’चा हिरो जी.वन साधा माणूस नाही. निळ्या उजेडाने झळकणारा त्याचा पोशाख हीच त्याची ओळख. चित्रपटात तो पोशाख झळकवायला संगणकांची फौज होती. त्या कामाला पुढे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत स्पेशल इफेक्ट्सचं पारितोषिकही मिळालं. गेम बनवणाऱ्यांकडे होतं एक अकरा वर्षांचं म्हातारं यंत्र. चित्रपटातलं एकेक दृश्य तासन्‌तास गणित करून रंगवता येतं. गेममध्ये मात्र तेच चित्र खेळणाऱ्याच्या बोटाबरोबर सेकंदाला कित्येक वेळा नव्याने काढावं लागतं. हे ज्याला कळतं, तो जी.वन पडद्यावर उभा राहिला की आधी ‘हे बसवलं कसं?’ असं विचारतो. पुन्हा खेळताना मला हाच प्रश्न पडत राहिला. पंधरा वर्षांपूर्वी पडला नव्हता, कारण तेव्हा मला फक्त जिंकायचं होतं.

चित्रपटाची गोष्ट आठवून पाहा. शेखर सुब्रमण्यम हा भारतीय गेम बनवतो, पण कुठे? लंडनमध्ये, एका मोठ्या कंपनीत. मुलाला खलनायक आवडतात म्हणून बाप न हरणारा खलनायक घडवतो, आणि तो खलनायक गेममधून बाहेर येऊन बनवणाऱ्यालाच मारतो. म्हणजे आपल्याच निर्मात्यांना असं वाटलं, की प्रेक्षकाला भारतीय माणूस गेम बनवतो हे पटवायचं असेल तर त्याला लंडनला नेलं पाहिजे. प्रत्यक्षात त्याच चित्रपटाचा गेम मुंबईत तयार होत होता! पडद्यावरचा शेखर पोरांना आजही आठवतो. मुंबईत रात्री जागून खरा गेम बनवणाऱ्या पोरापोरींची नावं कुणाला ठाऊक आहेत? चित्रपटात निर्माता मेला तरी त्याचा चेहरा जी.वनच्या रूपाने जगला. इथे निर्मात्यांचे चेहरेही गेले आणि नावंही.

माझं भांडण फक्त हसणाऱ्यांशी नाही. ते आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांशीही आहे, अदब राखून. मी वाढलो त्या मोहल्ल्यात तीन माणसांचं एका बाबतीत पूर्ण एकमत होतं. मदरशातले उस्ताद म्हणायचे, ‘लहव-लइब आहे.’ शाळेतले सर म्हणायचे, ‘वेळेची नासाडी आहे.’ घरातले चाचा म्हणायचे, ‘डोळे जातील.’ नमाज चुकवून, अभ्यास बुडवून रिमोट धरून बसणाऱ्याला ओरडलंच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. वाद असा आहे, की त्या डब्याच्या आत काय आहे, ते कोण बनवतं, त्याला कोणतं शिक्षण लागतं, हा प्रश्न या तिघांपैकी एकानेही आम्हाला कधी विचारला नाही. आमच्या पिढीसाठी यंत्र म्हणजे गल्फहून यायची वस्तू होती. मुलगा शिकून काय करणार, तर गल्फला जाऊन दुसऱ्याचं यंत्र चालवणार आणि परतताना एक यंत्र घेऊन येणार. ते यंत्र किंवा त्यातला खेळ आपण बनवू शकतो, ही कल्पनाच मोहल्ल्यात नव्हती. आणि तेव्हाच इथून साडेतीनशे किलोमीटरवर, कोकण रेल्वेने एका रात्रीत पोचावं इतक्या जवळ, तो बनत होता.

एखादा पोरगा जेव्हा ‘रा.वन’ची सीडी हातात घेतो आणि मागे वाचतो की हा मुंबईत बनला, तेव्हा त्याच्या डोक्यात एक खिडकी उघडू शकते. आपण काय केलं? एका बाजूने ‘हराम वेळ’ म्हणून आणि दुसऱ्या बाजूने ‘टुकार माल’ म्हणून ती खिडकी दोन्हीकडून लावून घेतली.

आता विसरण्याबद्दल. २०२० मध्ये पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ स्टुडिओचा ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ आला. अतिशय देखणा गेम. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्याच प्रयत्नाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. अभिमानाची गोष्ट. पण तेव्हा जिकडेतिकडे सूर ऐकू आला, की हा भारताचा पहिलाच खराखुरा गेम. असं आपण दर काही वर्षांनी कुणालातरी ‘पहिला’ म्हणतो, कारण आधीचा आपण विसरलेलो असतो. जो समाज आधीचं विसरतो, त्यातला प्रत्येक कारागीर शून्यापासून सुरू करतो. ‘रा.वन’च्या लोकांना ३२ मेगाबाइटमध्ये काय जमलं, काय जमलं नाही, कॅमेरा का अडला, घाईत काय कापावं लागलं, हे सगळं पुढच्या पिढीला मोफत मिळालेलं शिक्षण ठरलं असतं. आपण त्याची चेष्टा केली आणि टाकून दिलं.

अमेरिकेचं पाहा. १९८२ मध्ये ‘ई.टी.’ या चित्रपटावर अटारी कंपनीचा गेम आला. एकट्या माणसाने साधारण पाच आठवड्यांत बनवलेला. जगातला सर्वात वाईट गेम म्हणून त्याची बदनामी झाली. न विकलेला माल कंपनीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरला. २०१४ मध्ये लोकांनी तो उकरून काढला, आणि त्यातली एक कॅसेट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. ज्यांनी त्याला सर्वात वाईट म्हटलं, त्यांनीच तो जपला! कारण अपयश हाही इतिहासाचा पुरावा असतो, हे त्यांना कळतं.

आणि आपण? आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं १९६४ मध्ये, तोवर उशीर झालेला होता. तेव्हाही शहाणी माणसं सिनेमाला ‘वेळेची नासाडी’च म्हणत असणार. आज आपण त्या शहाण्यांना दोष देतो. गेमच्या बाबतीत तेच शहाणे आपण आहोत.

पुस्तकांसाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह इतर ठरावीक ग्रंथालयांना द्यायची. दोन वर्षांनी त्यात वर्तमानपत्रंही आली. एखादी फालतू कादंबरीही त्यामुळे कुठेतरी सुरक्षित राहते. तो कायदा पुस्तकं आणि नियतकालिकांचा, व्हिडिओ गेम त्यात बसत नाही. गेमची प्रत कुणाला द्यावी, असं गेम विकणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नाही. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं, हे चांगलंच झालं. पण त्याच्या बातम्यांत गुंतवणूक आणि रोजगार हेच शब्द मोठे होते. जो उद्योग उद्या उभा करायचा, त्याचं काल झालेलं काम कुठे ठेवलंय, हेही सरकारला विचारायला हवं.

‘कंपन्या ठेवतील की,’ असं कुणी म्हणेल. कंपन्यांवर भरवसा ठेवण्याआधी हे ऐका. चित्रपटावरच्या गेमचे हक्क वाटलेले असतात. पात्रं एकाची, गेम दुसऱ्याचा, यंत्र तिसऱ्याचं. करार संपला की गेम दुकानातून उचलला जातो. मार्व्हलच्या पात्रांवरचे अ‍ॅक्टिव्हिजनचे कित्येक गेम २०१४ च्या सुरुवातीला डिजिटल दुकानांतून एकदम गायब झाले. २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ चं ऑनलाइन दुकानच बंद करण्याची घोषणा केली होती. खेळणाऱ्यांनी ओरड केली तेव्हा निर्णय मागे घेतला. २०२३ च्या एका अमेरिकन पाहणीत दिसलं, की तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. स्पायडरमॅनसारख्या जगप्रसिद्ध पात्राच्या गेमची ही गत, तर आपल्या जी.वनला कोण विचारतो?

दुसरा आक्षेप असा, की हा गेम म्हणजे शाहरुखच्या चित्रपटाची जाहिरात होती, जपण्यासारखं त्यात काय? होतीच जाहिरात. सिनेमाची हाताने रंगवलेली पोस्टरंही जाहिरातच होती. आज तीच लोक चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. जाहिरात म्हणून बनलेल्या वस्तूत कारागिराचा हात नसतो, असं कोण म्हणतं? शाहरुख कुणाला आवडतो, कुणाला नाही. त्याच्यावरचा राग किंवा लोभ बाजूला ठेवून त्या कामाकडे पाहायला काय हरकत आहे?

कोकणात हा प्रश्न जास्तच घाईचा आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने भिंती घाम गाळतात. चपलांना बुरशी येते, तिथे सीडीचं काय! सीडी-डीव्हीडीच्या आत धातूचा पातळ थर असतो. ओल आत शिरली की तो थर खराब होतो आणि एक दिवस यंत्र सीडी वाचायलाच नकार देतं. यंत्रातली लेझरही थकते. प्लेस्टेशन २ चं उत्पादन संपल्याचं जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झालं. नवा सुटा भाग कुठून आणणार? त्यात आपली साफसफाईची हौस. रमजानच्या आधी माळा झाडला, की जुना प्लेस्टेशन भंगारवाल्याच्या हातगाडीवर. किलोच्या भावाने.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. एक, १९५४ च्या त्या कायद्यासारखी तरतूद व्हिडिओ गेमसाठीही झाली पाहिजे. भारतात बनलेल्या प्रत्येक गेमची एक चालणारी प्रत सरकारी संग्रहात गेली पाहिजे, बनवणाऱ्यांच्या पूर्ण नावांसकट. दोन, सरकारची वाट न पाहता गावातल्या ग्रंथालयांनी एक कपाट मोकळं करावं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे. दोनशे वर्षं पुस्तकं ओलीपासून वाचवायची कला ज्या गावाला अवगत आहे, त्याला वीस-पंचवीस सीड्या जड नाहीत. तीन, हे तुम्हा-आम्हासाठी. माळ्यावर चढा, खोकं उघडा. ‘रा.वन’ असेल, ‘देसी अड्डा’ असेल, ‘स्ट्रीट क्रिकेट’ असेल, तर सीडी पुसा, सुक्या डब्यात ठेवा आणि भंगारवाल्याला देऊ नका. घरातल्या पोराला एकदा खेळायला द्या. तो हसेल, हसू द्या. हसून झालं की त्याला सांगा, हा मुंबईत बनला. आणि मग विचारा, यात तू काय बदलशील?

त्या प्रश्नाचं उत्तर जो पोरगा कागदावर लिहू लागेल, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. राजिवड्यात, मिरकरवाड्यात, दापोलीत, खेडला असा पोरगा किंवा पोरगी नक्की आहे. त्याच्या हातात द्यायला आपल्याकडे निदान एक चालणारी सीडी असायला हवी.